पत्रे आली, पत्रे आले नाहीत

आमच्या दाजींना बोलायचं म्हणजे जिवावर येतं. मोठ्या बहिणीचा नवरा म्हणून मी मान देतो, नाहीतर माझं आणि गप्प माणसाचं आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी ट्रक ड्रायव्हर. दिवसातून चार माणसांवर ओरडलो नाही तर मला जेवण पचत नाही. आणि हा माणूस असा, की घराला आग लागली तरी शेजाऱ्याला 'आग. या.' एवढंच सांगेल.

त्याला कारण आहे. दाजींची उमेदीची वर्षं तारऑफिसात गेली. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडायचे, तेव्हा लोकांची भलीमोठी रडगाणी दोन-चार शब्दांत बसवून देणं हे दाजींचं काम. एखादी म्हातारी खिडकीशी उभी राहून तासभर रडायची आणि दाजी लिहायचे, 'वडील गंभीर. नीघ.' पुढे तारा बंद झाल्या, ऑफिसला कुलूप लागलं, पण सवय काही सुटली नाही. माझी भाची झाली तेव्हा आमची आई दवाखान्याच्या दारात जीव मुठीत धरून उभी होती. दाजी बाहेर आले, 'मुलगी. दोघी ठीक,' म्हणाले आणि तिथूनच कामावर गेले. आई मागून विचारतेय, अहो कुणासारखी दिसते, अहो वजन किती, अहो रडली का! दाजी वळले नाहीत. ताई म्हणते, आमच्या घरात भांडणसुद्धा मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी करावं लागतं.

तर हे दाजी पुढे एका मदत संस्थेत गोदामाचे प्रमुख झाले. कुठं पूर आला, भूकंप झाला, की आमची संस्था धावते. म्हणजे आधी बैठक घेते, मग धावते. मलाही त्यांनीच तिथं ट्रकवर चिकटवलं. साहेबांकडे माझी शिफारस केली ती अशी: 'मेहुणा. चालवतो. चिडतो.' मला घेतलं.

गोदामात दाजींचा जीव. एकेका ब्लँकेटवरून असा हात फिरवतील की ताईनं बघितलं तर सवत समजेल. माल ओला होता कामा नये, उंदरानं कुरतडता कामा नये, आणि वरून सही आल्याशिवाय दाराबाहेर जाता कामा नये. कुणी काही मागायला आलं की उत्तर ठरलेलं: 'बघू.' आता आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाप बघू म्हणाला की सायकल विसरायची. हमालांनी त्यांचं नावच पाडलं, बघूसाहेब.

आणि मग तो भूकंप झाला. डोंगरांची अख्खी रांगच्या रांग हादरली, गावंच्या गावं आडवी झाली. जगातल्या सगळ्या संस्था तिकडे लोटल्या. आमच्या वाट्याला एक लहानसं बाजाराचं गाव आलं. तिथल्या घरांच्या दगडी भिंती बऱ्याचशा उभ्या राहिल्या होत्या, पण जड लाकडी छपरं सगळी खाली आलेली. घरात उभं राहून वर बघावं तर आभाळ. माणसं मैदानावर तंबूत.

आम्ही पोचलो आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? गोदाम बांधलं! चांगलं लांबलचक, लोखंडी खांबांचं, वर कोरे करकरीत पत्रे. गावात शाबूत छप्पर एकच, आणि त्याच्याखाली आमची ब्लँकेटं. ब्लँकेटं कोरडी, माणसं ओली. मी दाजींना हे तोंडावर बोलून दाखवलं. दाजी म्हणाले, 'नियम.'

तिथं प्रत्येक संस्थेच्या अंगावर वेगळ्या रंगाचं जाकीट. निळे पाण्याचे, पिवळे संडासांचे, हिरवे मनाला धीर देणारे, आम्ही तपकिरी ब्लँकेटवाले. रोज सकाळी मोठ्या तंबूत सगळ्यांची समन्वय बैठक. समन्वय म्हणजे काय ते मला तिथं कळलं. आपल्याकडे जे नाही ते दुसऱ्यानं आणायला हवं होतं, असं सगळ्यांनी गोड आवाजात एकमेकांना सांगणं. पिवळ्यांनी संडास बांधले, निळ्यांचं पाणी तिथंपर्यंत पोचत नव्हतं. निळ्यांनी टाकी बसवली, ती नेमकी पिवळ्यांच्या खड्ड्याशेजारी. मग त्यावर वेगळी बैठक.

बरं, देणाऱ्यांचा हात कोण धरणार? दानाच्या खोक्यांतून काय काय निघालं म्हणून सांगू! डोंगरात चढायला उंच टाचांचे बूट. टाय. पोहायचे चष्मे. एक अख्खं खोकं नुसत्या डाव्या हातमोज्यांचं. मी म्हटलं, 'दाजी, उजवे कुठंयत?' दाजींनी विचार केला आणि म्हणाले, 'दुसऱ्या भूकंपाला.' हा माणूस विनोद करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

एके दिवशी गोदामाच्या खिडकीशी एक बाई आली. वय झालेलं, पण दंड असे की माझ्यासारख्याला उचलून बाजूला ठेवील. गावात तिची बेकरी होती, आयुष्यभर कणीक तिंबलेले ते हात. भट्टी ढासळली होती, मागच्या घराच्या चारी भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं.

'मला पत्रे पाहिजेत,' ती म्हणाली. 'घरावर घालायला. थंडीचा पाऊस आता येईल. तो यायच्या आत मला माझ्या माणसाला घरी न्यायचंय.'

'बघू,' दाजी म्हणाले.

झालं! बाईनं खिडकीच्या फळीवर असा हात आपटला की आतला शिक्का उडाला.

'बघू नकोस! महिना झाला, मला सगळे बघतायत. निळे बघून गेले, पिवळे बघून गेले, ते हिरवे तर डोळ्यांत पाणी आणून बघून गेले. फोटो काढून बघतात, खाली वाकून बघतात. मी काय माकडीण आहे? बाबा, तू मला हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तरी मी काही बोलणार नाही. पण बघू म्हणू नकोस.'

दाजी तिच्याकडे बघतच राहिले. मग ती जरा खालच्या आवाजात बोलली, आणि ते ऐकून मलासुद्धा कसंतरी झालं.

'माझा नवरा कसा होता माहितीये? खडूस. एक नंबरचा खडूस. पाव जरा करपला की घर डोक्यावर घ्यायचा. मीठ कमी, चहा गार, शेजाऱ्याचा कोंबडा लवकर ओरडला, कशावरही तोंड चालू. मी म्हणायचे, देवा, याचं तोंड एकदा तरी बंद कर. भूकंपात त्याचा पाय गेला कामातून, तंबूत पडून असतो. आणि आता काय करतो? हात जोडतो. ब्लँकेट दिलं, हात जोडले. गार भात दिला, हात जोडले. कोण कुठलं पोरगं येऊन नाव विचारून जातं, त्यालाही म्हणतो, उपकार झाले साहेब. बाबा, हा माझा माणूस नव्हे. दुसऱ्याच्या तंबूत पडलाय ना, म्हणून असा झालाय. मला त्याला त्याच्या घरात न्यायचंय.'

मी त्या म्हाताऱ्याला बघितलं होतं. त्यानं एकदा माझ्या ट्रकलाही नमस्कार केला होता.

दाजींनी घसा साफ केला. मला वाटलं, आता 'नियम' म्हणणार. आणि हा माणूस चक्क म्हणाला, 'हो.'

ती गेल्यावर मी म्हटलं, 'दाजी, तब्येत बरी आहे ना? पत्रे आहेत कुठं आपल्याकडे? खालच्या बाजारात पत्रा औषधालाही मिळत नाही!' दाजी म्हणाले, 'मागवू.' आणि फोनवरून मुख्य ऑफिसला निरोप टाकला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. तारऑफिसची शान अशी, की एक शब्द जास्तीचा नाही:

'पत्रे पाठवा. भरपूर. लोक वाट पाहताहेत.'

पुढे आठवडाभर दाजी रोज सकाळी रस्त्याकडे बघत उभे. ढग हळूहळू डोंगरावर बसायला लागले होते. बेकरीवाली येता-जाता खिडकीतून नुसती भुवई उडवायची, आणि दाजी नुसती मान हलवायचे. शेवटी एकदाची संस्थेची गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा. मी धावलो, मागचं दार उघडलं आणि म्हटलं, 'पत्रे कुठंयत?'

'हे काय,' तो म्हणाला. 'खोकी भरून आणलीत.'

पत्रे होती. पोस्टातली. कागदावरची. शाळाशाळांतून पोरांकडून लिहून घेतलेली, रंगीत खडूंनी सजवलेली, पत्रेच पत्रे.

आता यात चूक कुणाची? मुख्य ऑफिसात नवीन आलेल्या एक बाई होत्या, अतिशय शुद्ध बोलणाऱ्या. तुम्ही-आम्ही एक पत्र, दोन पत्रं म्हणतो. शुद्ध माणूस म्हणतो, एक पत्र, दोन पत्रे. आणि छपराचा एक पत्रा, त्याचेही दोन पत्रे. दाजींनी 'छपराचे' एवढा एक शब्द घातला असता तर काय जीव जात होता? पण नाही! तारेत जास्तीचा शब्द म्हणजे पाप!

मी रागानं एक पत्र फोडलं. त्यात लिहिलं होतं, 'प्रिय भूकंपग्रस्त, तुमचं घर पडलं हे कळून आम्हाला आनंद झाला नाही.' दुसऱ्यात होतं, 'आमच्याही घरात एकदा पाणी शिरलं होतं पण ते नळाचं होतं.' तिसऱ्या पोरानं विचारलं होतं, 'भूकंपात शाळेला किती दिवस सुट्टी मिळते?' आणि प्रत्येकाच्या खाली बाईंनी छापून घेतलेली ओळ: कृपया उत्तर पाठवावे. म्हणजे बघा, तंबूत चिखलात बसलेल्या माणसानं आता आभाराचं उत्तरही लिहायचं! मला हसू येत होतं आणि तळपायाची आग मस्तकात जात होती, दोन्ही एकाच वेळी.

दाजींनी फोन लावला. हे संभाषण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

'पत्रे आली,' दाजी म्हणाले.

'आली ना? लोकांना आवडली?' बाईंचा आवाज आनंदानं नाचत होता.

'पत्रे आली. पत्रे आले नाहीत.'

'म्हणजे... आली की नाही आली?'

'आली. आले नाहीत.'

'तुमचा आवाज तुटतोय का? कमी पडली का? अजून पाठवू?'

'नको!' दाजी ओरडले. दाजी! ओरडले! मी फोन हिसकावून घेतला.

'अहो बाई, छपराचे पत्रे! लोखंडाचे! पाऊस पडला की ताडताड वाजतो ना, तो पत्रा! पोस्टमन आणतो तो कागद नव्हे!'

मग अगदी बारीक आवाजात, 'अगं बाई.' आणि पुढे, 'अहो, पण मग तसं लिहायचं ना! लोक वाट पाहताहेत, हे वाचून मी रडले हो.'

बिचारी वाईट नव्हती. तिनं साहेबांना विचारून लगेच परत फोनही केला. पण साहेबांचं उत्तर असं, की आपली संस्था तातडीच्या मदतीची. छप्पर हे पुनर्वसन. पुनर्वसनाचं काम थंडी सरल्यावर.

'म्हणजे छप्पर तातडीचं नाही?' मी विचारलं.

'मलाही पटत नाहीये,' ती म्हणाली. 'पण धोरण आहे.'

दाजी पत्रांच्या खोक्यावर बसले. मी धोरणाच्या आईबापांचा उद्धार करत येरझाऱ्या घालत होतो. बाहेर अंधारून आलं होतं. वारा सुटला आणि गोदामाच्या टोकाचा एक पत्रा वाजला. दाजींनी वर बघितलं. मीही बघितलं. दाजी बघतच राहिले.

'शिडी,' ते म्हणाले.

'काय?'

'शिडी आणा.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'दाजी, वेड लागलंय का? नोकरी जाईल! या वयात दुसरं कोण दारात उभं करणार? आणि ताई तुम्हाला काही बोलणार नाही, ती मला उभा सोलेल!'

दाजी उठले आणि इतकं बोलले, इतकं बोलले, की मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. 'मेहुणे, मी आजवर कुणाला हो म्हणालो नाही. हो म्हटलं की करावं लागतं. बघू म्हटलं की आपण सुटतो. त्या बाईनं मला सुटू दिलं नाही. मी तिला हो म्हणालोय. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर शिडी तेवढी भिंतीला लावून द्या.'

मी काय, हमाल काय, सगळेच कामाला लागलो. पण छप्पर काढायचं तर खालचा माल भिजणार, आणि माल भिजलेला दाजींना चालणार नाही. मग उपाय एकच. दार सताड उघडलं आणि दाजींनी लोकांना आत बोलावून सगळं वाटायला सुरुवात केली. सही नाही, मंजुरी नाही, काही नाही. ब्लँकेटं, बादल्या, स्टोव्ह, जे वरून हो यायची वाट बघत महिनाभर रचून ठेवलं होतं, ते संध्याकाळच्या आत गेलं. ज्याला जड झालं त्याला दाजी स्वतः उचलून देत होते. उंच टाचांचे बूटसुद्धा संपले. एका माणसानं टाच कापून घातले आणि म्हणाला, उबदार आहेत.

मग पत्रे उतरवले. सगळ्यात आधी बेकरीवालीचं घर. म्हाताऱ्याला अजून तंबूतच ठेवलं होतं. दाजी स्वतः वर चढले. आयुष्यात हातोडी न धरलेला माणूस, पाच वेळा अंगठा ठेचून घेतला. उरलेले पत्रे त्या गल्लीतल्या घरांना पुरले, पुढच्या गल्लीला नाही पुरले. तिथली माणसं उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एकटे नाही, देणगीदार पाहुण्यांना घेऊन, फोटोवाल्यासकट. पाहुण्यांना संस्थेचं नमुनेदार गोदाम दाखवायचं होतं. गाडीतून उतरले आणि बघतात तर लोखंडी खांब उभे, वर आभाळ. मधोमध ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेला एक ढीग. त्यात ती पत्रं. पोरांनी लिहिलेली आहेत, भिजायला नकोत, असं दाजी म्हणाले होते.

'सामान कुठंय?' साहेबांनी विचारलं.

'वाटलं.'

'सगळं? बरं... आणि गोदाम?'

'वाटलं.'

साहेबांच्या चेहऱ्याचे जे रंग बदलले, त्यात निळे, पिवळे, हिरवे सगळ्या संस्थांचे आले. पाहुण्यांसमोर काही बोलता येईना. दाजींना बाजूला नेलं आणि दात आवळून म्हणाले, 'तुम्ही उद्यापासून घरी बसा.' दाजी म्हणाले, 'बरं.' आणि जाकीट काढून, घडी घालून त्यांच्या हातात दिलं.

मी दाजींना ट्रकमध्ये घातलं आणि निघालो. शिव्या देत होतो, साहेबांना, पाहुण्यांना, दाजींनाही. ताईला काय सांगायचं, हा विचार मला खात होता. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. डोंगरातला थंडीचा पाऊस, सुया टोचल्यासारखा. आणि बेकरीवाली रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी. ब्रेक दाबला नसता तर ट्रकचंच नुकसान झालं असतं.

'आत या,' ती म्हणाली. 'न भेटता निघालात होय?'

आत पत्र्यांवर पाऊस असा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. जमीन कोरडी होती. सकाळीच तंबूतून आणलेला म्हातारा खाटेवर पडला होता. मी दारातच थांबलो, कारण मला आता ते हात जोडणं बघवणार नव्हतं. दाजी पुढं गेले. म्हाताऱ्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. हात अंथरुणातच होते.

'हे ठोकलं कुणी?' तो ओरडला.

'मी,' दाजी म्हणाले.

'तरीच! अहो, हे काय काम आहे? डोळ्याला डोळा लागू देत नाही, नुसता ढोल वाजतोय डोक्यावर! आणि तो कोपरा बघा, तो तिरका बसलाय. दारात धार लागते. गोदामाला चालत असेल तसलं, हे घर आहे! येत नाही तर हात कशाला लावायचा माणसानं?'

मी बेकरीवालीकडे बघितलं. ती पदरानं तोंड दाबून भिंतीकडे वळली होती आणि तिचे ते दणकट खांदे गदागदा हलत होते. हसत होती की रडत होती, तिचं तिला ठाऊक.

'चुकलं,' दाजी म्हणाले. 'आत्ता करून देतो.'

आणि नोकरी गेलेला तो माणूस भर पावसात हातोडी घेऊन परत वर चढला. खालून म्हातारा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, 'डावीकडे! अहो डावीकडे, डावं-उजवं कळतं की नाही?' वरून दाजींचा आवाज, 'हो, हो!' आणि मी शपथेवर सांगतो, तो माणूस हसत होता. मला राहवेना. मी बाह्या सरसावल्या, म्हटलं, मी चढतो, मला येतं हे काम, दोन मिनिटांत सरळ करून टाकतो.

बेकरीवालीनं माझं मनगट धरलं. त्या हातातून सुटणं शक्यच नव्हतं.

'काही नको जाऊस,' ती म्हणाली. 'त्याला अजून थोडं ओरडू दे.'